एसीतला उंदीर

सासऱ्यांचे मला फक्त पाय दिसत होते. बाकीचे सासरे गाडीच्या आत होते. डोकं डॅशबोर्डखाली, पाठ पायपुसण्यावर, हातात टॉर्च. त्या अवस्थेत ते माझ्याशी बोलत होते आणि मी सगळं कळल्यासारखं "हो बाबा, हो बाबा" करत होतो.

"चपटा पेचकस द्या," पाय म्हणाले.

मी दिला.

"हा नाही जी. चपटा."

चंद्रपूर, मे महिना, भर दुपार. मी साताऱ्याकडचा, पुण्यात शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. चंद्रपूरचं तापमान वर्षानुवर्षं मी मुलांकडून पाठ करून घेत होतो, ते अंगावर घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाची सावली होती, तरी सगळं पांढरं पडल्यासारखं दिसत होतं. कुंपणापलीकडचा रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि त्या पाण्यावरून एक सायकलवाला तरंगत गेला. घरातल्या कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास एवढंच काय ते जिवंत होतं. मी जागा आहे की जेवणानंतरच्या डुलकीत आहे, हे मला छातीठोक सांगता आलं नसतं. आमरसही जरा जास्तच झाला होता.

"तुमच्या सासूबाई काय करून राहिल्या?" पायांनी आवाज खाली आणून विचारलं.

"पडल्यात जरा. बॅग भरून झाली त्यांची."

"बसचं तिकीट काढलंच म्हणते का?"

"काढलं. सकाळच्या आरमोरीच्या गाडीचं."

मग आतून टॉर्च पडल्याचा आवाज आला. "या उन्हात बसनं गेली तर जीव जाईल तिचा," सासरे म्हणाले.

प्रश्न एवढाच होता आणि त्यासाठीच मला पुण्याहून धाडलं होतं. सासूबाईंचे थोरले भाऊ आरमोरीला राहायचे. मागच्या मे महिन्यात ते अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा वामनराव, म्हणजे माझे सासरे, सासूबाईंना घेऊन याच गाडीनं निघाले. गाडीचा एसी गार करत नाही, दाखवून आणा, असं सासूबाई कितीतरी दिवस सांगत होत्या. वामनरावांनी आदल्याच दिवशी तो दाखवून आणला होता. गॅरेजवाल्यानं गॅस भरून दिला होता. तरीही वाटेत एसीतून दमेकऱ्यानं फुंकर मारावी तेवढीच हवा येत राहिली. मूल गावाच्या अलीकडे, जंगलातल्या वळणावर सासूबाईंना ऊन लागलं. त्या बोलेनाशा झाल्या. वामनरावांनी गाडी वळवली आणि त्यांना परत चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. संध्याकाळी, त्यांना सलाइन लागलेलं असतानाच, तिकडे भाऊ गेले.

घरी आल्यावर सासूबाई नवऱ्याला एकच वाक्य बोलल्या. "जन्मभर बॉयलर सांभाळला म्हणते, एक गाडी नाही सांभाळता आली." वामनरावांनी वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य काढलं होतं, त्यामुळे हे वाक्य बसायचं तिथेच बसलं. त्यानंतर वर्षभर अबोला.

आता भावाचं वर्षश्राद्ध होतं. पुन्हा ऊन लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्या गाडीत पाय ठेवणार नाही असं सासूबाईंनी. आमच्या मुलीला कांजिण्या झाल्या होत्या, म्हणून केतकीला, माझ्या बायकोला, येता येत नव्हतं. तिनं मला निघताना एवढंच सांगितलं होतं, "आईला बसनं जाऊ दिलंस तर इकडे परत येऊ नकोस."

तर असा मी, घरचा जावई, सकाळपासून त्या दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करत होतो. जेवताना सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "यांना विचारा, रस आणखी पाहिजे का." सासरे ताटाकडे बघून म्हणायचे, "सांगा, पुरे." दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं आणि मी डोकं इकडून तिकडे वळवून वळवून मान दुखवून घेतली.

"बाबा, गॅरेजमध्येच का नाही नेत?" मी विचारलं.

"गॅरेजवाला गॅस भरते अन् हात झटकते. मागच्या वर्षी तेच केलं त्यानं." सासरे सरपटत बाहेर आले. घामानं त्यांचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते. "बॉयलर असो का एसी, जावईबापू, गोष्ट हवेचीच आहे. हवाच येत नसेल तर गॅस काय करते? माझ्या टाळक्यात हे तेव्हा यायला पाहिजे होतं. हिवाळाभर व्हिडिओ पाहिले, तेव्हा आलं. डॅशबोर्डच्या खणामागं एक जाळी असते म्हणे. इतकी वर्षं गाडी चालवली, मला पत्ताच नाही."

सकाळी आम्ही गाडीची पुढची जाळी पाइपानं धुऊन काढली होती. तिच्यातून वाळलेली पानं, पाखरांचे पंख आणि कोळशाची काळी धूळ असं बरंच काही वाहून गेलं. आता खणाची पाळी होती. सासऱ्यांनी त्यातल्या वस्तू एकेक करून जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या. बडीशेपेची डबी, सासूबाईंचा कंगवा, त्यांचा एक धुतलेला रुमाल. वर्षभर त्या गाडीत बसल्या नव्हत्या, तरी खण त्यांचाच होता. मग दोन्ही बाजू दाबून त्यांनी अख्खा खण बाहेर ओढला. मागे एक पट्टी होती. ती निघाली तशी आत हात घालून ते काहीतरी ओढू लागले.

"अडकलं का?"

"फुगलं आहे."

व्हिडिओत दाखवतात तो फिल्टर म्हणजे कागदाच्या घड्यांची पाटी असते. आमच्या हातात आली ती विटेएवढी जाड वस्तू. घड्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यात आणि त्यांच्यावर तपकिरी काळपट थर दाबून बसला होता. कुबट धूळ किंवा मेलेला उंदीर, अशा वासाची मी तयारी ठेवली होती. पण वास आला तो देवघराचा. त्या रखरखीत दुपारी, ग्रीसचे हात आणि तापलेला पत्रा यांच्यामध्ये, कुणीतरी नुकती पूजा आटपून उठावं तसा वास आला. मला वाटलं, झोपच लागली आपल्याला.

सासऱ्यांनी पाटी उलटी केली. फरशीवर बारीक आवाज झाला.

"तांदूळ," मी म्हणालो.

पिवळे होते. हळद लावलेले. सासऱ्यांनी तो थर नखानं उकलला. वाळून कागद झालेल्या पाकळ्या एकीवर एक बसल्या होत्या. मोगरा, तगर, कुठे झेंडूची एखादी काडी.

मला एकदम आठवलं. आमच्या लग्नानंतर केतकीला घेऊन निघालो, तेव्हा सासूबाई याच गाडीसमोर आल्या होत्या आणि पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरजवळ, त्यांनी एक फूल आणि चिमूटभर अक्षता ठेवल्या होत्या. मला मौज वाटली होती. केतकी म्हणाली होती, "आई रोजच ठेवते. बाबा प्लांटवर निघाले की. बॉयलरचं काम, एकदा एकांचा अपघात झाला होता, तेव्हापासून." काचेच्या तळाशी जी फट असते तिथूनच गाडी बाहेरची हवा आत ओढते, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळचं फूल संध्याकाळी तिथे नसायचं, तेव्हा वाऱ्यानं उडालं असंच सगळ्यांनी धरलं होतं. ते सगळं इथे येऊन बसलं होतं.

"बाबा!" मी ताडकन उठलो. पत्र्याला डोकं लागता लागता वाचलं. "म्हणजे तुमची काही चूक नव्हतीच! मी आत्ता आईंना दाखवतो."

"खाली बसा."

"अहो पण..."

"बसा ना जी." त्यांनी फिल्टर मांडीवर ओढून घेतला, कुणी हिसकावून नेईल अशा भीतीनं. "काय सांगणार तिला? तुझ्याच फुलांनी एसी बंद पडला म्हणून? तुझ्याच फुलांनी तुला तुझ्या भावाचं शेवटचं तोंड पाहू दिलं नाही म्हणून?"

मी बसलो.

"राग आहे तोवर ती उभी आहे," सासरे म्हणाले. "सकाळी उठते, माझ्यावर भांडी आपटते, जेवते, पोथी वाचते. हे कळलं तर ती बसून जाईल जागच्या जागी. मग तिला कोण उठवणार? मी?"

"आणि तुम्ही काय जन्मभर त्यांची बोलणी खाणार?"

"ती बोलते कुठं?" ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही. त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता की डोळ्यांतून पाणी, ते मी बघितलं नाही. मला त्या क्षणी या माणसाबद्दल फार माया वाटली आणि तितकीच चीडही आली.

दाराची कडी वाजली. सासऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकन फिल्टरवर टाकला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. डोक्यावरून पदर आणि हातात पन्ह्याचे दोन पेले.

"जावईबापू, हे काय, तुम्ही काहून हात काळे करून राहिले? जावयाला कोणी असं कामाला लावते का?" प्रश्न मला होता, टोला त्यांना होता. "घ्या, पन्हं घ्या. दुसरा पेला कोणाला द्यायचा असेल तर द्या."

मी दुसरा पेला सासऱ्यांना दिला. सासूबाईंची नजर वर्तमानपत्रावरच्या कंगव्यावर गेली, तिथून दुपट्ट्यावर आणि तिथून फरशीवर.

"काय निघालं म्हणावं गाडीत?" त्यांनी विचारलं.

"सांगा, उंदीर होता," सासरे पेल्यात बघत म्हणाले. "उंदरानं घर केलं होतं. त्यानंच हवा अडली."

"उंदीर?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. उन्हात ते आधीच लाल होते म्हणून निभावलं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवा फिल्टर आणायला मी स्कूटरवरून जटपुरा गेटजवळच्या दुकानात गेलो. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे. रस्त्यात माणूस नव्हता. तो सगळा प्रवास मला नीट आठवतच नाही, फक्त आपण भट्टीच्या तोंडाशी तरंगतोय असं वाटत होतं. परत आलो तेव्हा सासऱ्यांनी आतला पंखा रंगाच्या ब्रशनं स्वच्छ करून ठेवला होता आणि जुना फिल्टर दिसत नव्हता.

"टाकला?"

"कचऱ्यात कसा टाकणार?" देवाला कधी हात न जोडणारे माझे सासरे म्हणाले. त्यांनी हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. मोगऱ्याच्या बुंध्याशी माती नुकतीच उकरून सारखी केलेली दिसत होती.

नवी पाटी आत सरकली, पट्टी बसली, खण बसला. सासूबाईंची डबी, कंगवा, रुमाल जसेच्या तसे आत गेले. आम्ही गाडी शेडबाहेर मोकळ्यावर काढली, काचा चढवल्या, एसी लावला आणि नुसते बसून राहिलो.

आधी कोमट वारा आला. मग वारा जरा अंगाला लागला. मग गार. आणि मग इतका गार की माझ्या ओल्या शर्टाला हुडहुडी भरली. काचेबाहेर सगळं चंद्रपूर पांढरं होऊन जळत होतं आणि आम्ही दोघं महाबळेश्वरला बसलो होतो. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"लग्न करून हिला आरमोरीहून आणलं, तेव्हा पण मे महिनाच होता," ते म्हणाले. "ट्रकच्या केबिनमध्ये आलो. हिचा भाऊ सोबत आला होता. खिडकीला ओला दुपट्टा धरून बसला बिचारा, सुकला का पुन्हा भिजवायचा. पुरा रस्ता. उतरताना मला म्हणाला, पाहुणे, बाकी काही म्हणणं नाही, बहिणीला ऊन लागू देऊ नका." थोड्या वेळानं ते म्हणाले, "एकच काम सांगितलं होतं त्यानं."

आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. माझा डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा निंबाच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि सासरे स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

संध्याकाळी मी शेड झाडायला केरसुणी घेऊन गेलो, तर फरशी कुणीतरी आधीच झाडलेली होती. पिवळा दाणा एकही शिल्लक नव्हता. चिमण्यांनी टिपले असतील, असं मी मनाशी म्हणालो.

मग स्वयंपाकघरात जाऊन मी केतकीचा दम, नातीच्या कांजिण्या आणि माझी स्वतःची दयनीय परिस्थिती, सगळं सासूबाईंपुढे मांडलं. "आई, गाडी खरंच गार झालीय. उद्या गाडीनं चला."

त्या पोळी लाटत होत्या. "माझं तिकीट काढलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"तिकिटाचं काय घेऊन बसलात?"

"बापू, तव्यावरची पोळी उलटा जरा." मी उलटली. बोट भाजलं. त्यांनी ते पाण्याखाली धरायला लावलं आणि विचारलं, "दुपारी काही बोलले का हे? माझ्याबद्दल?"

"लग्नाचं बोलले. ट्रकचं. तुमच्या भावानं ओला दुपट्टा धरला होता त्याचं."

लाटणं थांबलं. "आठवते यांना?" त्या म्हणाल्या. पुढची पोळी वाकडीतिकडी झाली, एवढंच मला दिसलं.

सकाळी ऊन अजून पिवळं होतं. सासरे धुतलेला पांढरा शर्ट घालून गाडीत बसले होते. इंजिन चालू, एसी चालू. बस चुकायला थोडाच अवकाश होता आणि मी फाटकाजवळ उभा राहून मनातल्या मनात केतकीला तोंड कसं द्यायचं याची तयारी करत होतो. सासूबाई बॅग घेऊन बाहेर आल्या. पायऱ्या उतरल्या आणि मोगऱ्यापाशी थांबल्या. उकरलेल्या मातीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग वाकून एक फूल तोडलं.

वर्षभरात त्या गाडीवर फूल पडलं नव्हतं. सासूबाई गाडीच्या पुढ्यात गेल्या. त्यांचा हात आपसूक काचेच्या तळाशी, वायपरजवळ गेला. आतून सासऱ्यांचा चेहरा मला दिसत होता. ते श्वास धरून बसले होते. त्या फुलाला नको म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, हे मी तेव्हा ओळखलं. नवा फिल्टर पुन्हा भरला असता तरी चाललं असतं त्यांना.

हात तिथेच थांबला. मग तो मागे आला. सासूबाई वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या आणि काचेवर टकटक केलं. सासऱ्यांनी काच खाली केली.

सासूबाईंनी ते फूल त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. पदराच्या गाठीतून चिमूटभर पिवळ्या अक्षता काढल्या आणि त्याही खिशात सोडल्या. त्या जुन्या होत्या, धुळीनं मळलेल्या. मी दूर होतो तरी मला कळलं त्या कुठल्या आहेत.

"खिशात असू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. वर्षानं पहिल्यांदा, मला मध्ये न घेता. "तिथं ठेवलं का आत जाते."

सासऱ्यांनी खिशावर हात ठेवला. शेवटी म्हणाले, "जावईबापूनं सांगितलं?"

"त्यांचं नाव कशाला घेता?" सासूबाईंचा आवाज फुटला. "उंदीर तांदूळ खाते हो. असा जपून नाही ठेवत."

त्या रडल्या. गाडीच्या दाराला धरून, उघड्यावर, अगदी लहान मुलीसारख्या रडल्या. सासरे खाली उतरले आणि त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी आपला दुपट्टा सासूबाईंच्या डोक्यावर धरला. ऊन तसं कोवळंच होतं. तरी धरला.

मी त्यांची बॅग उचलून डिकीत ठेवली. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती गाडीही गेली. पण कुठेही एसीचा गार झोत अंगावर आला की मला तो रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना वाळलेला, तांबूस साग, पुढे हलणारं खोटं पाणी, आणि त्या पाण्यावरून आवाज न करता चाललेली आमची गाडी. सासूबाई पुढे बसल्या होत्या. खण उघडून त्यांनी कंगवा पाहिला, डबी पाहिली, खण लावला.

मूलच्या अलीकडे जंगलातलं ते वळण आलं. सासऱ्यांनी तिथे गाडी हळू केली. त्यांचा पाय ब्रेकवर गेला होता आणि गाडी जवळजवळ उभीच राहिली. मागच्या वर्षी ती याच जागी वळली होती.

"थांबू नका," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "चला. दादा वाट पाहत असेल."

सासऱ्यांनी गिअर टाकला. एसी पूर्ण सोडलेला होता. मागच्या सीटवर मी दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत होतो, पण तो कमी करा म्हणायची माझी छाती झाली नाही. आरमोरीपर्यंत मी तसाच बसून राहिलो.